सोलापुरात ऑर्किडच्या कुंडीतला ओलावा मोजायला मातीचा सेन्सर चालेल का?

पाइनची साल किंवा नारळाच्या चिप्स असतील तर मातीच्या सेन्सरवर विसंबू नका, कुंडीचं वजन मोजा. कपॅसिटिव्ह सेन्सरच्या पट्टीला (ती विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतल्या बदलावरून ओलावा ओळखते) अगदी लगतचंच पाणी कळतं. सालीत मोठ्या पोकळ्या असल्याने तुकडे आतून ओले असूनही ती ‘कोरडं’ दाखवते आणि बोटभर सरकवली की आकडाच बदलतो. दोन टोचण्यांचा स्वस्त सेन्सर तर नकोच: बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात तो ओलावा जास्त दाखवतो, शिवाय लवकर गंजतो. वजनासाठी ५ किलोचा लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर), एचएक्स७११ (त्याचा क्षीण संकेत आकड्यात बदलणारी चिप) आणि ईएसपी३२ (तो आकडा वाचणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) एवढं पुरतं. कुंडी २० मिनिटं पाण्यात ठेवा, अर्धा तास निथळू द्या, वजन लिहा. मग फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडची मुळं हिरव्याची चंदेरी होईपर्यंत थांबून पुन्हा वजन घ्या (यासाठी पारदर्शक कुंडी हवीच). हे दुसरं वजन आलं की पाणी द्यायचं. मात्र उष्णतेने लोड सेलचा आकडा सरकतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो. म्हणून पहाटेचंच वजन धरा. नवं पान किंवा फुलदांडा आला की दोन्ही वजनं नव्याने घ्या.