नागपुरात घरफोडी झाली, तर पोलीस येईपर्यंत बोटांचे ठसे कसे जपायचे?

११२ लावा आणि कूलर बंद करा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असला की ठशातला घाम भराभर सुकतो, पोलीस ठसा उमटवायला टाकतात ती भुकटी धरायला फक्त बोटांचं तेल उरतं. त्यावर कूलरची धूळ नको.

आलमारीचं हँडल, दागिन्यांचा रिकामा डबा, खिडकीची काच यांना हात लावू नका. रुमालाने धरणं तर सगळ्यात वाईट, ठसा पुसूनच निघतो. हलवावंच लागलं तर कडांना धरून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते. विस्कटलेली कागदपत्रंही आवरू नका: कागदावरचा ठसा निनहायड्रिन या रसायनाने जांभळा उमटतो, अगदी जुना असला तरी.

घरच्यांचे, मोलकरणीचेही ठसे मागतील. तो संशय नव्हे, ओळखीचे ठसे वगळायला लागतात.