होमस्टेच्या पाहुण्यांसाठी माहिती पुस्तिका बनवायची आहे. त्यात काय काय लिहावं आणि कुठलं अ‍ॅप वापरावं?

तुम्ही लिहिलंय की गावचं घर होमस्टेला देताय, स्वतः पुण्यालाच राहणार, आणि पाहुण्यांसाठी एक छानशी पुस्तिका करून ठेवायचीय. अ‍ॅपचं मला विचारू नका. बाकीचं सांगते, कारण असल्याच एका छानशा पुस्तिकेपायी आमच्या सासूबाईंचा बंब गेला आणि धाकट्या दिरांचं नि माझं तेव्हापासून जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

आमचं घर गुहागर तालुक्यात, हेदवीच्या अलीकडे. जांभ्याचं जुनं घर, तीन खोल्या पाहुण्यांना, मागच्या बाजूला आम्ही दोघं. सुरुवातीला पुस्तिका बिस्तिका काही नव्हती. माणूस आला की चहा द्यायचा आणि सगळं तोंडी सांगायचं. माझं मत तेव्हा असं की छापलेलं वाचतं कोण. दीर ठाण्याला, जन्म जाहिरातीच्या धंद्यात गेलेला, ते म्हणाले वहिनी, असं चालत नाही, वेलकम बुक पाहिजे. आणि केलं त्यांनी. 44 पानं, गुळगुळीत कागद, रंगीत. एका प्रतीला अठराशे रुपये, अशा चार प्रती. पहिली सहा पानं आमच्या घराण्याचा इतिहास. मग आजेसासऱ्यांचा पगडीतला फोटो. मग कोकणचा निसर्ग, मग समुद्रावर दिरांनी स्वतः केलेली कविता. वायफायचा पासवर्ड पान 31 वर.

आता बंबाचं. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, तांब्याचं मोठं भांडं, मधून वर आरपार नळी, नळीत करवंट्या नि ढलप्या टाकून पेटवायचं, पाणी नळीच्या भोवती. आमच्या बंबाला तोटी अगदी बुडाशी, त्यामुळे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढता येतं, आणि तिथेच गोम आहे. बंब रिकामा पेटवला तर तांबं उघडंच तापतं आणि सांधे सुटतात. आम्हाला हे कधी कोणी शिकवलं नाही, लहानपणापासून बघत आलो. रोज पहाटे कामाला येणारा दादा पाणी भरून पेटवायचा.

डिसेंबर होता. नाशिकची दोन कुटुंबं उतरली होती, एकूण सहाजण, अगदी भली माणसं. आम्ही दोघं चिपळूणला लग्नाला गेलेलो, मुक्कामाला. आणि नेमका त्याच पहाटे दादाला ताप. पाहुण्यांनी आदल्या रात्री आंघोळी करून बंब पार कोरडा केलेला. त्यातल्या एकांना सकाळी वाटलं, वा, आजोळी असाच होता की, पेटवू आपणच. पेटवला. करवंट्या भरपूर घातल्या, नारळाची सोडणं घातली, मोबाईलवर व्हिडिओ केला, मुलांना उभं करून. थोड्या वेळाने तोटी सोडली तर पाणीच नाही. मग त्यांनी काय करावं, बादलीभर गार पाणी वरून ओतलं. तापलेल्या तांब्यावर! तड् करून आवाज झाला म्हणे, आणि पाणी सगळं खालच्या राखेत.

मला अकरा मिस्ड कॉल. मी कार्यालयात, अंतरपाट धरलेला, पर्सच्या तळाशी फोन. अक्षता टाकून बाहेर आले नि लावला तर पलीकडून रडवेला आवाज, "काकू, तुमचा बंब गळतोय."

मी त्यांना एक शब्द बोलले नाही. काय बोलणार? संध्याकाळी येऊन पाहिलं तर नळी बुडाशी अर्धी सुटलेली, आणि तांब्याला जांभळट काळा रंग चढलेला, मोरपिसासारखा. सासूबाई दर दिवाळीच्या आधी चिंच लावून तो लखलखीत करायच्या. जाऊ दे.

दिरांना फोन केला तर ते काय म्हणाले असतील? "वहिनी, पान 27! लिहिलंय मी." मी पान 27 काढलं. मथळा, 'तांब्याचा बंब : एक परंपरा'. अर्धं पान फोटो. खाली तांब्याच्या पाण्याचे गुण, आजी पहाटे कशी उठायची, धुराचा वास आणि बालपण, आणि चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी "पाणी भरल्याची खात्री करून बंब प्रज्वलित करावा". प्रज्वलित! आता सांगा, पहाटे साडेपाचला थंडीत काकडणारा माणूस हे वाचणार आहे का? दिरांचं म्हणणं, माहिती दिलेली होती, वाचली नाही हा पाहुण्यांचा दोष. माझं म्हणणं, जी माहिती वेळेला हाताशी लागत नाही ती दिलेलीच नाही. हे भांडण अजून चालू आहे, दर गणपतीत एकदा होतं.

तर तुमच्या पुस्तिकेत काय लिहायचं? घराण्याचा इतिहास लिहू नका. हवा असेल तर फोटोखाली दोन ओळी. माणूस घरात शिरला की त्याला पहिल्या रात्री काय अडेल तिथून सुरू करा. आमच्या आताच्या फाईलचं पहिलं पान, लाईट गेली तर काय. इन्व्हर्टरवर फक्त दिवे नि पंखे चालतात, गीझर चालत नाही (हो, गीझर बसवला शेवटी), हातातली बॅटरी (टॉर्च) दाराच्या मागच्या खिळ्याला आहे. आणि अंधारात चप्पल घातल्याशिवाय, बॅटरी घेतल्याशिवाय आगरात, म्हणजे माडांच्या वाडीत, जाऊ नका, फुरसं असतं, विषारी साप. घाबरवायला नाही, पण ते वीतभर जनावर पाचोळ्यात दिसत नाही. चावलंच तर बांधाबांधी, चिरणं, मांत्रिक काही नाही, 108 ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. तुमच्या जवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशाची लस असते ते आधी स्वतः जाऊन विचारून या, मग लिहा.

नियम लिहिताना कारण लिहा. "गाडी माडाखाली लावू नये" असं लिहिलं की लोक हमखास माडाखालीच लावतात, सावली असते ना. "नारळ किंवा झावळ पडली तर काच फुटते, एकाची फुटलीय" असं लिहिल्यापासून एकही गाडी माडाखाली दिसली नाही. तसंच संडासाचं. "कृपया स्वच्छता राखा" याने काही होत नाही. इथे ड्रेनेज नाही, शोषखड्डा आहे, पॅड नि वेट वाइप्स टाकले तर तुंबतो आणि उपसायला गाडी बाहेरून मागवावी लागते, तोवर तुम्ही काय करणार, असं सरळ लिहा. दिरांना हे वाचून कसंतरी झालं. होऊ दे.

पाहुणे जे विचारायला लाजतात ते तर आवर्जून लिहा. आमच्याकडे जेवण शाकाहारी, पण मासे खायला माणूस कोकणात येतोच, आणि मग ते बिचारे कुजबुजत विचारायचे. आता लिहूनच टाकलंय कुठल्या खाणावळीत जायचं. आंबोळ्या हव्या तर आदल्या दुपारी सांगा, पीठ आंबायला रात्र लागते. घावन काय, आयत्या वेळी होतात.

सगळ्यात उपयोगी पान माझ्या मते भरतीचं. हेदवीला बामणघळ आहे, खडकातली अरुंद घळ, भरतीच्या वेळी लाटेचं पाणी आत घुसून कारंजं उंच उडतं. ओहोटीला गेलात तर नुसता खडक. लोक मुंबईहून येऊन खडक बघून जायचे नि म्हणायचे काही विशेष नाही. म्हणून मी जुना हिशोब लिहून ठेवलाय, तिथीची पाऊणपट करा. म्हणजे पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ, साधारण त्या वेळेला भरती पूर्ण, दिवसा नि रात्री दोन्ही वेळा, शुद्ध असो वद्य असो. अर्धापाऊण तास इकडेतिकडे. पुनवेला, अवसेला बाराच्या सुमाराला, आणि तेव्हा उधाण, कारंजं झकास पण खडकावर पुढे जायचं नाही, शेवाळ असतं. चतुर्थीला तर सोयच आहे, हेदवीच्याच दशभुज गणेशाचं दर्शन घ्यायचं आणि दुपारी तीनला घळीवर. भिंतीवर कालनिर्णय टांगलंय, लहान मुलं स्वतः हिशोब करतात, आईबाप नेटवर शोधत बसतात.

फेरीबोटीचं असंच. दापोलीकडे जायचं तर धोपावे-दाभोळ, गणपतीपुळ्याला तवसाळ-जयगड, गाडीसकट जाता येतं, केवढा तरी वळसा वाचतो, हे लिहा. पण शेवटची फेरी किती वाजता ते छापू नका, बदलतं. फोन नंबर द्या नि निघायच्या आधी विचारा म्हणावं. जे जे बदलतं ते सगळं शेवटच्या एकाच पानावर ठेवा, म्हणजे तेवढं एक पान बदललं की झालं. दिरांच्या पुस्तकात बंद पडलेल्या हॉटेलचं कौतुक कायमचं छापून बसलंय.

कागदाचं एक सांगते, हे कोणी सांगत नाही. कोकणातल्या पावसात गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटतात. इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते. लॅमिनेशनच्या कडा सुटल्या की आत पाणी शिरून बुरशी येते. मी साधी प्लास्टिकच्या खिशांची फाईल घेतली, आत लेझर प्रिंट, नऊ पानं. आणि बंबाची सूचना फाईलमध्ये नाहीच, बंबाच्या वरच भिंतीवर पाटी रंगवून घेतलीय, 'आधी पाणी. मग काडी.' हो, बंब आहे अजून. तांबटाने नळी बदलून दिली, नव्याच्या निम्मे पैसे घेतले, "वैनी, आता हा पयल्यासारखा नाय ऱ्हायचा" असंही म्हणाला. तोटी ठिबकते.

आता एवढं बोलले तर खरं ते पण सांगते. त्या दिवशी दिरांचं पुस्तक खोलीत नव्हतंच. अठराशेची प्रत, पोरं चहाचे हात लावतील म्हणून मीच कापडात गुंडाळून माजघरातल्या कपाटात ठेवली होती, चारही. त्यामुळे पाहुण्यांनी पान 27 वाचलं असतं की नाही हे कोणालाच माहीत नाही. दिरांना हे अजून सांगितलेलं नाही. ते या साईटवर नसतात, निदान मला तरी तसं वाटतं.

बाकी, तुमच्या घरी समुद्र नसेल तर भरतीचं पान अर्थातच नको. राखणदार चोवीस तास असेल तर बरंचसं तोंडीच भागतं. आणि परदेशी पाहुणे घेणार असाल तर त्यांच्या मुक्कामाच्या नोंदीचा सरकारी फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) ते आल्यापासून 24 तासांच्या आत ऑनलाइन भरायचा असतो, ते तुमचं काम, पुस्तिकेचं नाही, पुण्याहून आठवणीने करा.

अ‍ॅपचं मुलीला विचारलं. ती म्हणाली कशातही कर म्हणावं, अक्षर मोठं ठेव, लोकांचे चष्मे बॅगेत असतात. आमच्या फाईलच्या कव्हरवर बंबाचा फोटो आहे, दुरुस्तीच्या आधीचा, लखलखीत. तो दिरांनीच काढलेला. फोटो मात्र सुरेख काढतात.