चिऱ्याच्या जुन्या घराला सिमेंटचं प्लास्टर मारू नका

बंद पडलेलं जुनं घर दुरुस्त कसं करावं, हा तुमचा प्रश्न वाचला. तुमची सगळी हकीकत ओळखीची आहे. आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), मातीत बांधलेलं कौलारू घर, बरीच वर्षं बंद, भिंतींना गुडघाभर ओल, हातात दीडेक लाख. आणि गवंडी म्हणतोय, "जुना चुना सगळा काढून टाकू, सिमेंट प्लास्टर मारू, वर पुट्टी नि ऑइलपेंट. घर नव्यासारखं होईल." साफसफाई, वाळवी, वायरिंग यांबद्दल बाकीच्यांनी तुम्हाला बरंच सांगितलंय, म्हणून मी प्लास्टरवरच लिहितो. हीच चूक आम्हाला सगळ्यात महाग पडली. दोनदा पैसे गेले, एकदा मारण्यात आणि एकदा काढण्यात.

चिरा सच्छिद्र असतो, तो जमिनीतलं पाणी ओढून घेतो आणि सांध्यातली मातीही ओढते. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात अशी भिंत ओली होणारच. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल दिवाळीनंतर हळूहळू उडून जाते. सिमेंटचा थर तिची वाट अडवतो. मग पाणी बाहेर पडायला जागा शोधत वर चढतं, आणि गुडघ्याएवढी ओल हळूहळू कमरेपर्यंत येऊ शकते. पाण्याबरोबर आलेले क्षार प्लास्टरच्या मागे साचतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि प्लास्टर सुटतं. बोटाने टकटक करून बघा, सुटलेली जागा पोकळ वाजते. पडताना ते एकटं पडत नाही, चिऱ्याचा पापुद्राही घेऊन येतं, कारण सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक. ऑइलपेंट, वॉटरप्रूफिंगचा रंग, भिंतीला कमरेपर्यंत टाईल्स, या सगळ्यांचं काम तेच: ओल झाकायची आणि आत कोंडायची. दुकानदार वॉरंटी सांगेल. ती डब्यातल्या मालाची असते, तुमच्या भिंतीची नाही.

आधी ओल नक्की कुठून येते ते बघा. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला धरलं तर ती हवेतली, म्हणजे खिडक्या उघडायला हव्यात.

मग घराबाहेर एक फेरी मारा. बहुतेक घरांत तीन गोष्टी सापडतात. पागोळ्यांचं पाणी जोत्याच्या अगदी पायाशी पडून भिंतीवर उडतं. वर्षानुवर्षं माती साचून अंगण जोत्याइतकं उंच झालेलं असतं. किंवा कोणीतरी अंगणात कोबा केलेला असतो आणि त्याचा उतार घराकडे असतो. जोत्यालगतची माती निदान 6 इंच खाली न्या, पागोळी पडते त्या रेषेत फूटभर खोल चर खणून त्यात खडी भरा, चराला बाहेर उतार द्या. न्हाणीचं सांडपाणी भिंतीपासून लांब काढा. हे काम दोन गड्यांचं दोन-तीन दिवसांचं आहे आणि खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. हे न करता चुना लावलात तरी पैसे फुकट जातील, तेव्हा क्रम बदलू नका.

आता गिलावा. सगळा काढू नका! पोकळ वाजेल तेवढाच काढा, घट्ट बसलेला जुना चुना ठेवा. उघड्या चिऱ्यावरचा पांढरा लोणा कोरड्या तारेच्या ब्रशने झाडा आणि ती पूड बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातात. काम दिवाळीनंतर काढा, भिंत फेब्रुवारीपर्यंत तशीच उघडी राहू द्या. दिसायला वाईट दिसतं, पण ती सुकायला हवी.

मिश्रण 1 भाग चुना, 3 भाग चाळलेली नदीची वाळू. खाडीची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. पिशवीतली चुन्याची पावडर असेल तर किमान दोन दिवस पाण्यात भिजवून लोण्यासारखी होऊ द्या, जास्त मुरली तर उत्तम. कळीचा चुना (भाजलेल्या चुन्याचे खडे) घरी विरवणार असाल तर लोखंडी पिंपात, पाण्यात थोडा थोडा चुना टाकत. तो उकळतो, प्लास्टिकची बादली वितळते. डोळ्यांना संरक्षक चष्मा (गॉगल) हवाच, मुलं लांब. शंभर चौरस फुटांना अर्धा इंच थर धरला तर साधारण 5 घनफूट वाळू आणि 25 ते 30 किलो पावडर लागते, भिंत खडबडीत असेल तर जास्त. भिंत आधी ओली करा, एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जाड थर देऊ नका आणि पुढचे आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. उन्हात पटकन वाळला तर भेगा पडतात, हाताला पूड लागते.

गवंडी "पटकन बसायला थोडं सिमेंट टाकू" म्हणेल. नको म्हणा. त्याला पूर्ण कामाचा ठेका न देता आधी हजेरीवर मागच्या भिंतीला तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना करायला सांगा. हात बसला तर पुढचं काम द्या.

वर रंग नको, चुन्याची सफेदी. 1 किलो चुना 5 लिटर पाण्यात, एक दिवस ठेवून फडक्यातून गाळा, थोडा भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. पातळ तीन हात द्या. पहिला हात फिका दिसतो, घाबरू नका, वाळल्यावर उजळतो.

हे सगळं मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या चिऱ्याच्या, दगडाच्या भिंतींना लागू आहे. सिमेंटमध्ये बांधलेल्या विटांच्या घराला हेच नियम लावू नका. भिंतीला पोट आलं असेल, भेग आरपार असेल किंवा वाढत असेल, तर गवंड्याच्या आधी इंजिनिअरला दाखवा. मी इंजिनिअर नाही.

एक कागदोपत्री गोष्ट. कौलं उतरवायच्या आधी घराचे चारी बाजूंनी फोटो काढा आणि नमुना 8 चा उतारा (ग्रामपंचायतीतली घराची नोंद) घेऊन ठेवा. मालक म्हणून अजून आजोबांचंच नाव असेल तर दुरुस्तीच्या साध्या अर्जालाही फेऱ्या पडतात. एका कार्यालयात आम्हाला प्रत्येक खेपेला नवा कागद तोंडी सांगितला गेला, लेखी एकदाही नाही. घर पावसाच्या तोंडावर उघडं पडलेलं असताना याचा फार संताप येतो. म्हणून अर्ज दोन प्रतींत द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. नकार असेल तर तो लेखी मागा.

उरलेल्या पैशांत माजघरात दोन काचेची कौलं बसवा, दिवसा दिवा लावावा लागणार नाही. भिंतीतले कोनाडे बुजवू देऊ नका. ओटीवर झोपाळा टांगायचा असेल तर तुळईला, वाशाला कधीच नाही, आणि त्याआधी तुळईची भिंतीत शिरलेली दोन्ही टोकं पेचकसाने टोचून बघा. वाळवी आणि ओल आधी तिथेच पोचते. पेचकस सहज आत गेला तर झोपाळा राहू दे, सुताराला बोलवा.