अण्णांचं यान आणि नसलेले पंख

प्रश्न : आमच्या अण्णांनी १९८४ साली मुंबईहून प्लास्टिकचं ‘सोयूझ’ यान आणलं होतं, वीतभर लांबीचं. ‘राकेश शर्मा ह्याच्यातच बसून गेले’ असं येईल त्याला सांगत. माळवदाच्या घरात ते कायम देवळीत असायचं. अण्णा गेल्या वर्षी वारले. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, दोन्ही पंख तुटलेत, नवे करून बसवू आणि रंगही देऊ. मला ते पटत नाही, पण का ते त्याला सांगता येत नाही. माळवदाची माती बसली आहे, ती कशी काढावी?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : आधी भावाच्या हातातला ब्रश काढून घ्या, ताई. मग यान खिडकीशी उजेडात धरा. सोयूझ या रशियन अंतराळयानाला तीन भाग असतात. पुढे गोळा, मधे घंटेसारखी कुपी, मागे नळकांडं. माणसं परत येतात ती फक्त मधल्या कुपीतून. तुम्ही ज्यांना पंख म्हणता त्या सौर पट्ट्या नळकांड्याला असतात. तिथे दोन्ही अंगांना खाच, भोक किंवा जुन्या चिकटाचा पिवळट डाग दिसतो का बघा. दिसला तर पंख तुटले. जागा साफ गुळगुळीत असेल, तर ते बहुधा कधी नव्हतेच.

हो, बिनपंखांचं सोयूझ खरंच होतं. १९७१ साली सोयूझ-११ परतताना कुपीतली हवा निघून गेली आणि तिघेही अंतराळवीर दगावले. अंगात हवेचा दाब टिकवणारे दाबपोशाख नव्हते. नंतर पोशाख सक्तीचे झाले, तिघांच्या जागी दोघंच जाऊ लागले आणि अंतराळ स्थानकापर्यंत ने-आण करणाऱ्या यानांच्या सौर पट्ट्याही काढल्या. दोनेक दिवस बॅटरीवर भागायचं.

आता अडचण अशी, की शर्मांचं सोयूझ टी-११ पट्ट्यांचं होतं. म्हणजे नळकांडं गुळगुळीत निघालं तर अण्णांच्या देवळीत आधीच्या दशकातलं यान होतं. त्यात अण्णांना खोटं पाडण्यासारखं काही नाही. शर्मा ३ एप्रिलला टी-११ मधून गेले, ११ एप्रिलला उतरले ते टी-१० मधून. ‘राकेश शर्माचं यान’ नेमकं कोणतं, यावर वाद घालायचा तर दोन्ही बाजूंनी घालता येईल. भावाला एवढं सांगा : पंख चिकटवले की हा तपासच संपतो, आणि रंग दिला की अण्णांच्या बोटांनी घासून गुळगुळीत झालेली जागाही जाते. हौस असेल तर त्यानं स्वतःसाठी यान जोडायचा नवा संच घ्यावा आणि त्याला खुशाल पंख लावावेत.

माती काढायची ती कोरड्या, मऊ ब्रशनं, वरून खाली. आधीच ओलं फडकं लावलंत तर माळवदाची माती चिखल होऊन सांध्यांत बसेल, शिवाय कण घासून ओरखडे पडतील. नंतर साबणाच्या पाण्यात जेमतेम ओलावलेला कापूस चालेल. छापील अक्षरांपासून मात्र दूर. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांचं नावच काढू नका.

आणि डांबरगोळ्या! हे अनुभवाचे बोल. माझ्या मामाचं, चंद्रावर उतरणारं अपोलोचं चार पायांचं यान मी पत्र्याच्या पेटीत जुन्या साड्यांबरोबर ठेवलं होतं. कसर लागू नये म्हणून वर मूठभर गोळ्या. दिवाळीला पेटी उघडली, तर एक गोळी पायाला टेकून बसलेली आणि तिथलं प्लास्टिक मऊ पडून तिच्याच आकाराची वाटी झालेली. अशा संचांमधलं पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनपुढे टिकत नाही. मामी अजून टोमणे मारतात.

तुमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालची खोलीही नको. आतल्या भिंतीचं बंद कपाट बरं. शेजारी अण्णांचं ते वाक्य आईच्या हातानं कागदावर लिहून ठेवा, तारखेसकट.

नळकांड्यावर भोक सापडलं का, ते मात्र मला कळवा.