फायबरचा जुना कारवाँ : आधी तळ, मग भेगा

प्रश्न : 1970च्या दशकातला फायबरचा छोटा परदेशी कारवाँ (मोटारीमागे ओढायची घरगाडी) घेतला आहे. तळाचा प्लाय कुजलाय, छत मधोमध बसलंय, खिडक्यांच्या कोपऱ्यांना भेगा आहेत. आतली कपाटं काढून आधी रंग करून घेऊ का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : रंग सर्वांत शेवटी. आणि कपाटांना एवढ्यात हात लावू नका! कॅनडात 1968 पासून निघालेल्या बोलरसारख्या या गाड्यांना आत सांगाडा नसतो. वरचं आणि खालचं अशी दोन कवचं कंबरेपाशी जोडलेली असतात. छत कपाटांवर तोललेलं असतं, खालचं कवच तळाच्या प्लायमुळे ताठ राहतं. प्लाय कुजला की कवच रस्त्यावर लवतं आणि भेगा पडतात. नुसत्या भेगा भरल्यात तर त्या तिथेच पुन्हा उघडतील.

छताला आतून लाकडी टेकू देऊन मगच जुना तळ काढा. नवा 12 मिमी मरीन प्लाय (आयएस 710) घाला. त्याच्या कडांना आणि स्क्रूच्या भोकांनाही रेझिन (फायबरकामात वापरतात तो पातळ राळेसारखा द्रव) पाजा, कारण कुजणं तिथूनच सुरू होतं.

भेगेची दुरुस्ती आतून करा. आजूबाजूचा भाग ग्राइंडरने खरवडा, ॲसिटोनने पुसा आणि चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाच्या मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) रेझिनमध्ये भिजवलेले तीन थर द्या, प्रत्येक थर आधीपेक्षा इंचभर मोठा. एक चौरस मीटरला मॅट 1.35 किलो, रेझिन साधारण साडेतीन किलो. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये नीट ढवळा, हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) त्यानंतर. हे दोन्ही थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो. डबेसुद्धा लांब ठेवा. हार्डनर किलोला 10 ते 15 मिली. त्याहून कमी घातलं तर थर कच्चा राहतो.

आपल्याकडे मे महिन्यात एवढ्या हार्डनरनेही रेझिन मगातच गोठतं, पावसाळ्यात मॅट ओल धरते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ऊन वर आल्यावर काम करा. एका वेळी अर्धा किलोच कालवा.

बाहेरून भेग व्ही आकारात खोलून जेलकोट (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराचं रेझिन) भरा. हवा लागली तर तो चिकट राहतो, म्हणून वर प्लास्टिकचा कागद दाबून बसवा. खिडक्यांना पाणी अडवायला ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा. सिलिकॉन नको, त्यावर पुढे रंग धरत नाही.

प्रश्न : ॲक्सल तोच चालेल?

उत्तर : रबराचा टॉर्शन ॲक्सल (स्प्रिंगऐवजी आतल्या रबराने धक्के झेलणारा) असेल तर गाडी रिकामी असताना चाकाचा दांडा पाहा. तो खाली झुकलेला हवा. आडवा किंवा वर गेलेला असेल, तर रबर मेलंय, ॲक्सल बदला. टायरवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षांपूर्वीचा टायर हायवेवर नेऊ नका.