चोवीस वाटे आणि दोन वह्या

प्रश्न : वकीलताई, मी ५२ वर्षांचा, सुन्नी मुसलमान. दोन मुली आहेत, मुलगा नाही. आईवडील हयात नाहीत, दोन सख्खे भाऊ आहेत. स्वकमाईचा फ्लॅट माझ्यामागे बायकोला आणि मुलींनाच मिळावा असं वाटतं. भाऊ म्हणतात, शरियतप्रमाणे त्यांचाही हक्क आहे. संविधानात समानता असताना हे कसं चालतं? आणि स्पेशल मॅरेज अॅक्टखाली लग्न नोंदवलं, तर मी मुसलमान राहीन ना?

उत्तर : भाऊ खोटं बोलत नाहीत. तुमच्या फ्लॅटचे चोवीस वाटे धरा. शरियतप्रमाणे बायकोला ३, मुलींना आठ-आठ, उरलेले ५ भावांना. एक मुलगा असता तर भावांना काहीच मिळालं नसतं. बोच आहे ती इथे. तरी एक सांगते : मुलीला ठरलेला वाटा शरियतने सातव्या शतकातच दिला. हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला जन्मतः हिस्सा मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ उजाडलं.

आता संविधान. तुमच्या वारशाला शरियत लागू होते ती १९३७ च्या कायद्याने. पण धार्मिक व्यक्तिगत कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाही, असं मुंबई हायकोर्टाने १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात म्हटलं. गंमत म्हणजे वाद शरियतचा नव्हताच, हिंदूंच्या दुसऱ्या लग्नावरच्या बंदीचा होता. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९३ मध्ये मान्य केला. तेव्हाही, कुठल्याही समाजाने स्वतः पुढाकार आणि संमती दिल्याशिवाय त्याच्या व्यक्तिगत बाबतीत हात घालणार नाही, असं सरकारने लिहून दिलं. संमती कोणी द्यायची, समाजातल्या पुरुषांनी की तुमच्या मुलींनी, हे त्यात नाही. मला ते खटकतं.

तुमच्या हाती मात्र वाट आहे. झालेला निकाह १९५४ च्या स्पेशल मॅरेज अॅक्टच्या कलम १५ खाली नोंदवता येतो. मग वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो : बायकोला ८, मुलींना आठ-आठ, भावांना शून्य. नीट पाहा, मुलींचा आकडा बदललाच नाही! तिनाचे आठ झाले ते बायकोचे. ती तुमच्याआधी गेली, तर मात्र फरक मुलींना जाणवेल : शरियतप्रमाणे त्यांना मिळून १६, इथे सगळे २४. घर एकच, निकाल लग्न कुठल्या वहीत आहे त्यावर.

धर्माची भीती उगाच आलेली नाही. १८७२ च्या जुन्या कायद्यात ‘मी अमुक धर्म मानत नाही’ असं लिहून द्यावं लागे. १९५४ च्या कायद्यात ती अट नाही. तुम्ही मुसलमान, निकाहही कायम. केरळातल्या एका वकील-अभिनेत्याने तीन मुलींसाठी ८ मार्च २०२३ रोजी आपल्याच बायकोशी या कायद्याखाली पुन्हा लग्न केलं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत : बायको नात्यातली आहे का? मामेबहीण, आतेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण या कायद्याच्या निषिद्ध यादीत आहेत. तसं असेल तर नोंदणी अडू शकते. मग हिबा उरतो, म्हणजे हयातीतच देऊन टाकलेली भेट. मृत्युपत्रावर विसंबू नका, वारसाच्या नावे केलेलं मृत्युपत्र बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय टिकत नाही. हिबाला तीन गोष्टी लागतात : देतो म्हणणं, घेते म्हणणं आणि ताबा. माझ्या एका पक्षकाराने स्टॅम्पपेपरवर मुलींना दुकान दिलं, पण भाडं मरेपर्यंत स्वतःच घेत राहिला. त्याच्यामागे भावांच्या वकिलाने त्या पावत्याच कोर्टापुढे ठेवल्या. आणि हिबा खरा केलात, तर घर आजपासून तुमचं नाही, हेही पचवा.

निकाहनामा, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे घेऊन विवाह अधिकाऱ्याकडे जा. अर्जाची नोटीस तिथे ३० दिवस लागते आणि हरकत कोणीही घेऊ शकतं. भावांना त्याआधी घरी बोलावून सांगा, नाहीतर ते फलकावर वाचतील.