‘पौगंडावस्था’ की ‘किशोरवय’?

प्रश्न असा: सहावी-सातवीच्या पालकसभेसाठी पत्रक लिहायचं आहे. त्यात ‘पौगंडावस्था’ लिहावं, ‘कुमारवय’ की ‘किशोरवय’? आणि ‘वयात येणं’ चालेल का?

किशोरवय लिहा. पौगंडावस्था चूक नाही, पाठ्यपुस्तकांत रुळलेला शब्द आहे. पण पालकांना ते एखाद्या दुखण्याचं नाव वाटतं. गंमत म्हणजे वयाचे टप्पे सांगणारा जो संस्कृत श्लोक प्रसिद्ध आहे, त्यात कौमार 5 वर्षांपर्यंत, पौगंड 10 पर्यंत आणि कैशोर 15 पर्यंत. म्हणजे तिथला पौगंड आपल्या चौथी-पाचवीतच संपतो! मराठीत तो पुढे सरकला. कुमारचं तर विचारूच नका. श्लोकात तो सगळ्यांत लहान, खो-खोच्या मैदानावर मात्र किशोर गट धाकटा आणि कुमार गट थोरला. नववी-दहावीला कुमारभारती, अकरावीत गेलं की थेट युवकभारती. आरोग्य खात्याच्या लेखी तोच अकरावीतला मुलगा किशोर, कारण 2014 साली सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 10 ते 19 वयासाठी आहे. बालकामगार कायद्यात 2016च्या दुरुस्तीनंतर किशोर म्हणजे 14 ते 18. तेव्हा कुठलाही शब्द घ्या, शेजारी वय लिहाच.

‘टीनएजर’ सुचवणारेही भेटतील. तो 13 पासून सुरू होतो, आणि कित्येक मुलींची पाळी त्याआधीच सुरू झालेली असते. नेमकी तुमच्या वर्गातली मुलं त्यातून सुटतात.

आता ‘वयात येणं’. शब्द साधा, घराघरांत कळणारा. ठेवा, पण फक्त शरीरातल्या बदलांसाठी. बोलण्यात तो मुलींनाच चिकटलाय. मुलाला मिसरूड फुटतं. मुलगी ‘वयात येते’, ‘शहाणी होते’, आणि पाठोपाठ कुणीतरी म्हणतंच, ‘आता स्थळं बघायला लागा’. पाळी आली म्हणजे वाढ पुरी झाली, असा अर्थ त्यात नकळत शिरतो. खरं तर धोका तोलणारा, मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. म्हणून तर 2018मध्ये लॅन्सेटच्या बाल व किशोर आरोग्यावरच्या नियतकालिकात काही संशोधकांनी किशोरवयाची वरची मर्यादा 24 पर्यंत न्यावी असं सुचवलं. (शास्त्र पटतं, पण चोविशीतल्या पोराला किशोर म्हणून बघा, तोच भांडायला येईल.)

पत्रकात असं लिहिता येईल: ‘किशोरवयात, म्हणजे 10 ते 19 वर्षांच्या काळात, मुलगे आणि मुली दोघंही वयात येतात. शरीर आधी बदलतं. समज, भावना आणि निर्णयशक्ती पुढेही बरीच वर्षं घडत राहते.’ खाली जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या ‘मैत्री’ क्लिनिकचे वार आणि वेळ द्या. किशोरवयीनांच्या सल्ला केंद्राला आपल्याकडे हेच नाव आहे, आणि ते समजावून सांगावं लागत नाही.